चंदीचे माप

मृगाचा पाऊस नुकताच पडून गेला होता, आणि इंद्रायणीच्या काठी मोशी व चिखली यांच्या दरम्यान जी थोडीफार मोकळी जमीन अद्याप कारखान्यांच्या आणि गृहसंकुलांच्या भिंतींतून सुटलेली आहे तिच्यावर कोवळी हिरवळ धरू लागली होती, अशा एका सकाळी आमच्या परिचयातील एका शेतकरी कुटुंबाची घोडी गोठ्यातून बाहेर येईना. पुढचे दोन्ही पाय तिने पुढे ताणून धरले होते आणि अंगाचा सारा भार मागच्या पायांवर टाकला होता. दावे धरून वळवू गेले की निखाऱ्यांवरून चालावे तशी ती एकेक पाऊल उचलून टाकी आणि लगेच थांबे. घरातील वडीलधाऱ्यांना, ज्यांना सारा वाडा आबा म्हणतो, प्रथम वाटले की पोट दुखत असावे. नालबंद दुसऱ्याच कामासाठी आला होता, त्याने खुरावर तळवा टेकविला, काही क्षण तसाच ठेवला आणि म्हणाला, "आबा, पाय भरलेत हिचे. खूर बघा कसा तापलाय. चंदी काय देताय?"

आबांनी जे सांगितले ते अभिमानाने सांगितले, आणि तो अभिमान खरा होता. सकाळी दोन किलो भिजवलेला हरभरा आणि वर गुळाचा खडा, दुपारी उसाचे वाढे, संध्याकाळी बाजरीच्या भाकरी, आणि जवळच्या एका कारखान्याच्या उपाहारगृहातून रोज येणारा उरलेला भात व पोळ्या. घरातील लेकरांच्या आधी घोडीचे खाणे होत असे. नालबंदाने मान हलविली आणि डॉक्टरांना बोलवायला सांगितले. पाय आजारी होते, पण त्याने पहिली चौकशी केली ती तोबऱ्याची.

या विकाराला पशुवैद्य लॅमिनायटिस म्हणतात. या लेखापुरते आपण त्याला खुरदाह म्हणू. हा विकार फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अश्वविद्येवर लिहिणारा झेनोफोन, घोडा खाणे टाकू लागला तर कोणकोणत्या व्याधींची शंका घ्यावी हे सांगताना ज्या विकाराचा उल्लेख करतो, त्याचे ग्रीक नावच जवाच्या नावावरून पडलेले आहे, आणि तो विकार म्हणजे हाच असावा असे अभ्यासक मानतात. आपल्याकडे अश्ववैद्याला सालोत्री म्हणत. शालिहोत्र ऋषींचे नाव झिजत झिजत फारसी अमदानीतील लष्करी दफ्तरांपर्यंत त्या रूपाने पोचले. त्या काळच्या पागेत सालोत्री, नालबंद आणि मोतद्दार ही तीन माणसे एकमेकांवाचून अडत असत, आणि त्याचे कारण समजून घ्यावयाचे तर खुराच्या आत डोकवावे लागते.

आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीच्या रिंगणात माउलींचा अश्व धावून गेला की त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावण्यासाठी जी रीघ लागते ती ज्याने पाहिली आहे, त्याला टापेविषयी आपल्या समाजाच्या मनात किती आदर आहे हे निराळे सांगावयास नको. कर्नाटकातील अंकलीहून शितोळे सरदारांचे अश्व पायी चालत आळंदीस येतात आणि तेथून पुन्हा पंढरपूरपर्यंत चालतात. एवढी मजल ज्या टापांवर होते त्या बाहेरून दगडासारख्या घन दिसतात. आतली रचना मात्र फार नाजूक आहे. पायाच्या अगदी शेवटचे हाड खुराच्या तळावर टेकलेले नसते, तर खुराच्या भिंतीला आतून सुमारे ५५० ते ६०० उभ्या पापुद्र्यांनी धरून ठेवलेले असते आणि त्या प्रत्येक पापुद्र्याला पुन्हा दीडशे-दोनशे सूक्ष्म उपपापुद्रे असतात. दोन वह्यांची पाने एकाआड एक अशी एकमेकींत सरकवली म्हणजे त्या ओढूनही सुटत नाहीत, तशी ही पकड असते. घोडा खुरावर उभा असतो असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याचा सांगाडा चार खुरांमध्ये टांगलेला असतो. खुरदाहात ही पकड सैल होते. भार थांबत नाही, पकड मात्र सुटत जाते. मग ते हाड आतल्या आत फिरते किंवा खाली खचते आणि आजार पराकोटीस गेला तर तळवा भेदून बाहेर येऊ पाहते. ज्याला नखुरडे झाले आहे त्याला ठाऊक असते की, नखाखाली सुजेला जागा नसल्यामुळे वेदना किती असह्य होते. खुराच्या कठीण भिंतीत कोंडलेली ही सूज तर सबंध अंगाचा भार घेऊन उभी असते.

आता पोटात गेलेल्या हरभऱ्याचा आणि पायाचा संबंध काय? तो दोन वाटांनी येतो. पहिली वाट एकदम होणाऱ्या अतिभोजनाची: दावे सुटून घोडी धान्याच्या पोत्याशी गेली आणि तिने चार-पाच किलो दाणा खाल्ला, तर त्यातील पिष्ट लहान आतड्यात पचून संपत नाही, ते मोठ्या आतड्यात उतरते, तेथे आंबते, आम्लता वाढते, तेथील उपयुक्त जंतू मरतात आणि त्यांची विषे रक्तात शिरून दोन-तीन दिवसांच्या आत खुरांवर येऊन कोसळतात. दुसरी वाट अधिक संथ, अधिक सामान्य आणि म्हणून अधिक फसवी आहे. साखर आणि पिष्ट पचून रक्तात आले की इन्सुलिन स्रवते. काही जनावरांत, विशेषतः लहान चणीच्या काटक तट्टांत, हे स्रवणे प्रमाणाबाहेर होते, आणि ते वाढलेले इन्सुलिनच पापुद्र्यांची पकड ढिली करते. २००७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तात केवळ इन्सुलिनची पातळी दीर्घकाळ चढी ठेवून त्यांच्यात खुरदाह निर्माण करून दाखविला. तेव्हापासून या रोगाकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. मानेवरचा मांसल, घट्ट झालेला उंचवटा, शेपटीच्या मुळाशी साठलेल्या चरबीच्या गाठी, आणि खुरावर उमटलेली, पुढे जवळजवळ व टाचेकडे रुंद होत जाणारी वळी ही या प्रकृतीची लक्षणे होत. आबांच्या घोडीच्या खुरांवर ती वळी कधीपासून उमटत होती. आम्ही सर्वांनी ती पाहिली होती आणि कोणालाच ती वाचता आली नव्हती. वयस्कर घोड्याच्या अंगावरचे लांब केस ऋतू पालटूनही झडत नसतील तर मेंदूतळीच्या ग्रंथीचा निराळा विकार संभवतो, आणि त्याचीही परिणती बहुधा खुरदाहातच होते.

तट्टांनाच हे दुःख अधिक का, या प्रश्नाचे उत्तर आपल्या भूमीतच आहे. भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावून खेड तालुक्यातून, चाकणच्या उत्तरेने वाहत जाणारी आणि तुळापुराशी इंद्रायणीला पोटात घेणारी भीमा पुढे ज्या कोरड्या प्रदेशात उतरते, तिच्या थडीवरचे तट्टू मराठ्यांच्या दौडींचे वाहन होते. राजा बढे यांच्या महाराष्ट्रगीतात त्याचा उल्लेख आहे, आणि राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून आता नोंदही केली आहे. आजही धनगरांचे वाडे मेंढरांमागे हिंडतात तेव्हा त्यांचा संसार याच तट्टांच्या पाठीवर असतो. चार महिने ओले गवत आणि आठ महिने वाळकी काडी, दिवसाकाठी कित्येक कोसांची चाल, पाण्यासाठी वणवण, अशा शिस्तीत शेकडो वर्षे घडलेले हे शरीर मिळेल त्या घासातून शेवटचा कण काढून घेण्यात आणि तो अंगावर साठवून ठेवण्यात निष्णात झाले. दुष्काळात त्याला तारणारा हा गुणच समृद्धीत त्याच्या मुळावर येतो.

आणि समृद्धी येथे किती वेगाने आली! १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि पुढच्या काही दशकांत चाकणच्या माळांवर मोटारींचे कारखाने उभे राहिले. ज्या गायरानांवर गावची जनावरे दिवसभर फिरून पोट भरीत ती गायराने आता नकाशांतून शोधावी लागतात. घोडी मात्र राहिली, कारण तिचा मान राहिला. लग्नाच्या वरातीला ती लागते; आणि खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या पट्ट्यातील बैलगाड्यांच्या घाटात बैलांच्या पुढे स्वार घेऊन धावणारी घोडी नसेल तर शर्यतीला शोभा नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना सशर्त अनुमती मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या त्या साडेसात वर्षांत आबांसारख्यांनी घोडी विकली नाही, हे मला त्यांच्या निष्ठेचे लक्षण वाटते. पण धावणे थांबले तरी धावण्याचा खुराक थांबला नाही, आणि तीच सवय पुढेही घरात मुरली. वर्षातून मोजके दिवस धावणारी आणि उरलेले सगळे दिवस दाव्याला उभी असणारी घोडी जर रोज धावणारीची चंदी खात असेल, तर तिचे पाय भरणे हा केवळ काळाचा प्रश्न असतो.

चंदी या शब्दाचा इतिहास मला येथे फार मोलाचा वाटतो. घोड्याला ठरवून, मोजून दिला जाणारा दाणा म्हणजे चंदी. सरकारी पागेत चंदीवैरणीचा हिशेब पैशाच्या हिशेबाइतकाच कसोशीने ठेवावा लागे. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना व कारकुनांना पाठविलेले पत्र पुष्कळांना ठाऊक असते ते रयतेच्या भाजीच्या देठाला हात न लावण्याच्या करड्या ताकिदीसाठी. परंतु त्या पत्राचे मूळ कारण घोड्यांचा दाणा हे आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण आताच मनास येईल तशी चारून संपवाल तर पुढे काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारिली असे होईल, या आशयाची ती समज आहे. तिथे भय उपासमारीचे होते, इथे अतिभोजनाचे आहे. पण जनावराच्या जिवाची जबाबदारी मापाच्या भांड्यावर येऊन ठेपते ही जाणीव तीच.

तेव्हा माप काय असावे? पहिले काम घोडीचे वजन जाणण्याचे, आणि त्याला वजनकाट्याची आवश्यकता नाही. शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगोलग मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून कुल्ल्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. घेर १४५ आणि लांबी १४० भरली तर वजन सुमारे २४८ किलो येते. लठ्ठ आणि खुरदाहाकडे झुकणाऱ्या घोडीला दिवसाकाठी शरीराच्या वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा द्यावा. २४८ किलोच्या घोडीला तो पावणेचार किलोच्या आसपास होतो, आणि वाळक्या गवतातही थोडी ओल असते म्हणून काट्यावर ते सव्वाचार किलोपर्यंत भरावे. पेंढी डोळ्यांनी मोजू नये. एक पेंढी आणि दुसरी पेंढी यांत कधी अर्ध्या किलोचाही फरक पडतो, हे मी स्वतः तोलून पाहिले आहे. या चाऱ्याचे तीन-चार भाग करून, बारीक डोळ्यांच्या जाळीत टांगून द्यावे, म्हणजे घोडी सावकाश खाते आणि तिचे पोट फार वेळ रिते राहत नाही.

मात्र उपास कधीही घडवू नये. लठ्ठ तट्टाचे अन्न एकाएकी तोडले तर अंगातील चरबी रक्तात उसळते, यकृत निकामी होते आणि पायांवर उपचार चालू असतानाच जनावर हातचे जाते. वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरले तर ते योग्य समजावे.

गवत कोणते, हा याहून बारीक विचार. साखर आणि पिष्ट मिळून कोरड्या चाऱ्याच्या दहा-बारा टक्क्यांच्या आत असावे असा दंडक आहे. मावळच्या डोंगरउतारांवरचे, बी धरून पिकल्यावर कापलेले मारवेल किंवा पवन्या हे गवत बहुधा या कामी चांगले ठरते. त्यात कुसळी गवत मिसळलेले असेल तर त्याची कुसळे हिरड्यांत रुततात, म्हणून पेंढी उकलून पाहावी. गवताविषयी शंका असेल तर ते अर्धा ते एक तास भरपूर पाण्यात बुडवून ठेवावे. साखर पाण्यात उतरते. ते गोड पाणी फेकून द्यावे, घोडीपुढे ठेवू नये. आपल्या वैशाखातल्या उकाड्यात भिजलेले गवत तासा-दोन तासांत आंबू लागते, तेव्हा ते निथळून लगेच द्यावे. उसाचे वाढे, मुरघास, हिरवा मका, गूळ, पोळी, भात, भाकरी, कोणत्याही धान्याचा भरडा, हे सारे वर्ज्य. हरभऱ्याचे काय, असे आबांनी चार वेळा विचारले. आणि पायांची आग शमेपर्यंत तोही नको असे डॉक्टरांनी चारही वेळा सांगितले. लसूणघासात साखर कमी असते, तो मूठभर दिला तर चालतो, पण त्याने अंगही लवकर धरते.

येथे एका धोक्याकडे दुर्लक्ष होते, म्हणून अधिक सांगतो. धान्य बंद करून घोडीला केवळ भाताच्या पेंढ्यावर किंवा हत्ती गवतावर ठेवणे हा सोपा उपाय वाटतो. या दोहोंत ऑक्झलेट असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते, आणि सोबत गव्हाचा कोंडा दिला तर त्यातील स्फुरदाने ही तूट आणखी वाढते. काही महिन्यांत तोंडाची हाडे फुगू लागतात आणि लंगडेपणाला दुसरे कारण मिळते. म्हणून कमी चाऱ्यावर असलेल्या घोडीला क्षारमिश्रण, मीठ आणि ई जीवनसत्त्व देणे हा औषधोपचाराचाच भाग होय. त्याचे प्रमाण मात्र पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. आपल्या भागाला शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय काही फार दूर नाही.

चराईविषयी थोडेसे. मोकळी सोडलेली उपाशी तट्टे तीन तासांत आपल्या वजनाच्या जवळजवळ एक टक्का कोरडा चारा पोटात घालू शकतात, म्हणजे दिवसभराच्या वाटणीचा दोन-तृतीयांश भाग एका सकाळी संपतो. "जरा फिरवून आणली," या वाक्यात पुष्कळ साखर दडलेली असते. गवतातील साखर दिवसभराच्या उन्हात वाढत जाऊन सायंकाळी कळसाला पोचते आणि रात्री उतरते. म्हणून पाय बरे झाल्यावर सोडावयाचे तर ते पहाटे, तोंडाला मुसके बांधून. मळणीच्या बैलांना लावीत ते मुसके आता खळ्यांबरोबर नाहीसे झाले. आबांनी माळ्यावरून एक जुने शोधून काढले आणि त्याच्या तळाला लहानसे छिद्र ठेवून ते घोडीला बसविले, म्हणजे काडी-काडी गवत तोंडात जाते, घास जात नाही.

पाय भरलेले दिसताच काय करावे, याबाबत जुन्या आणि नव्या सांगण्यात एक मोठा भेद आहे. अखडलेले पाय मोकळे व्हावेत म्हणून घोड्याला चालविण्याची रीत होती; ती सोडली पाहिजे, कारण प्रत्येक पावलागणिक सुटत चाललेली पकड अधिक सुटते. घोडीला जागच्या जागी, वाळूच्या किंवा भुश्याच्या जाड थरावर उभे करावे, बसली तर बसू द्यावे, दाणा तात्काळ बंद करावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना आणावे. पोते फोडून धान्य खाल्ले असेल तर लक्षणे दिसण्याची वाट न पाहता खूर व त्यावरचा पाय बर्फाच्या पाण्यात ठेवणे हा आज सर्वांत प्रभावी ठरलेला उपाय आहे. नदीत उभे करण्याच्या जुन्या रीतीत हे एक शहाणपण होते. इंद्रायणीच्या आजच्या पाण्यात मी कोणाला घोडी उभी करावयास सांगणार नाही. खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूस बोटे ठेवून नाडी पाहण्याचा सराव घोडी निरोगी असतानाच करावा. एरवी जी जेमतेम लागते ती धडधडू लागली, तर पाय लंगडण्याआधीच रोग दाराशी आल्याचे कळते.

आबांच्या घोडीला सावरायला सात महिने लागले. नालबंद दर पाच आठवड्यांनी येऊन पुढची वाढलेली नखी कापी, टाच सावरी आणि क्ष-किरणांच्या चित्राकडे पाहून डॉक्टरांशी चर्चा करी. त्या दोघांना गोठ्यात उकिडवे बसून एका खुरावर वाकलेले पाहिले की सालोत्री आणि नालबंद यांची जुनी जोडी मला आठवे. उपाहारगृहाचा डबा आता घोडीऐवजी घरच्या खतखड्यात जातो. पोळ्याच्या दिवशी बैलांना पुरणपोळी भरविली गेली, तेव्हा आबांच्या सुनेने प्रथेप्रमाणे एक पोळी घोडीसाठीही ताटात ठेवली होती. आबांनी ती हातात घेतली, घोडीच्या कपाळाला टेकविली, आणि ती बैलाला दिली. मग गोठ्याच्या तुळईला टांगलेल्या काट्याला त्यांनी निथळलेल्या गवताची जाळी अडकविली, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला, आणि दोन मुठी गवत परत काढून घेतले.